परळला गेलेला आपला माणूस कायद्यात कुठे बसतो?



भात झोडून झालं, दिवाळी सरली की मुकादमाची गाडी पाड्यावर येते. दुकानदाराचं नाहीतर लग्नाचं देणं असतंच. तो उचल हातावर ठेवतो आणि आपण गाडीत चढतो. कोणी वीटभट्टीला, कोणी रेतीला, आणि हल्ली बरेच जण मुंबईला बिल्डिंगच्या कामावर.

गेल्या हंगामात आमच्या पाड्यावरची नऊ माणसं, त्यात तीन बाया, परळ-लालबागला गेली. बंद गिरणीच्या जागेवर टॉवर चाललाय तिथे. चार महिने राबली. शिमग्याला घरी यायचं म्हणून हिशेब मागितला, तर मुकादम म्हणाला उचलच फिटली नाही. दुसऱ्या दिवशी तो गायब. निरोप आला तसे आम्ही दोघं तिकडे गेलो. बिल्डरचा माणूस म्हणतो, "मी कुठे आणलं तुम्हाला? ज्यानं आणलं त्याला विचारा." बायांना तर गड्यांपेक्षा रोज कमीच लावला होता.

तिथे शेजारच्या खोपटांत तेलंगणातल्या महबूबनगरची माणसं होती. त्यांच्यासाठी २०२५ पर्यंत कायदा होता, १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा. ठेकेदारानं दुसऱ्या राज्यातून पाच किंवा जास्त माणसं आणली तर प्रत्येकाला फोटोचं पासबुक द्यायचं होतं, त्यात मजुरी आणि उचल लिहायची होती. येण्याजाण्याचं भाडं द्यायचं होतं. शिवाय महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा ७५ रुपये, यात जे जास्त असेल ते, विस्थापन भत्ता म्हणून वेगळे द्यायचे होते. आम्ही त्यांना पासबुक विचारलं तर ती माणसं हसली.

म्हणजे त्यांना कागदावर होतं ते हातात नव्हतं, आणि आपल्याला कागदावरसुद्धा नव्हतं. तलासरीचा गडी ठेकेदाराच्या टोळीत शेजारच्या उंबरगावला गेला तर गुजरातची हद्द लागते, म्हणून तो त्या कायद्यात बसायचा. मोखाड्याहून कसारा गाठून लोकलनं दादरला उतरलेला बसत नव्हता. का, तर राज्य एकच! उघड्यावर दोघंही झोपतात. आमची मागणी आहे की ठेकेदारानं गावाबाहेर नेलेला प्रत्येक मजूर कायद्यात घ्या, मग हद्द राज्याची असो का तालुक्याची.

तोवर हात बांधून बसायचं नाही. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालली तेव्हा मजुराचा किमान रोज ९ रुपये २५ पैसे होता, आणि जमादार त्यातला रोजचा एक रुपया कापून घ्यायचे. १९८२ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे वेठच, आणि वेठ घटनेच्या कलम २३ नं बंद आहे. या कलमाला राज्याची हद्द लागत नाही. वेठ काय असते ते आपल्याला कोर्टानं सांगायला नको. १९४५ साली आपल्या म्हाताऱ्यांनी लाल बावट्याखाली वेठ आणि लग्नगडी मोडली. आता उचल दाखवून कोणी माणूस अडकवून ठेवला, तर १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्यानं ते कर्जच रद्द होतं.

आणि बिल्डरचं ते "आम्ही आणलं नाही"? ज्या कामावर पन्नास किंवा जास्त कंत्राटी मजूर आहेत तिथे कायद्याप्रमाणे ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं द्यायची. त्या साइटवर पन्नास काय, शंभराच्या वर माणूस होता.

हे सगळं आम्हाला नीट समजावलं लालबागच्या एका चाळीतल्या म्हाताऱ्या गिरणी कामगारानं. कोकणातून आलेला, १९८२ च्या संपात नोकरी गेलेली. तोही आपल्यासारखा बाहेरचाच. पण गिरणीत त्याचं नाव हजेरीत होतं, फंड होता. तो म्हणाला, "तुमच्याकडं कामावर होता याचा कागद काय?" आमच्याकडं काहीच नव्हतं.

आणखी एक. ती नऊ माणसं तिकडे असताना इथे फॉरेस्ट प्लॉटची पाहणी झाली. चार घरांना कुलूप होतं. पंचनाम्यात लिहिलं, "कसणारा हजर नाही." मजुरी बुडाली ती वेगळीच.

म्हणून या दिवाळीला गाडी आली की आधी मुकादमाचं नाव-गाव, साइटचा पत्ता, उचल किती, रोज किती, हे पाड्याच्या वहीत लिहायचं, मगच माणूस चढेल. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. हजेरी रोज स्वतः मांडायची, येत नसेल तर रेघा ओढा. किमान वेतनापेक्षा कमी मिळालं तर तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. फरक तर मिळतोच, वर त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते.

नऊ जणांचा अर्ज मुदतीत टाकलाय. तारीख कळली की कळवू. प्रत्येक पाड्यावरून दोघांनी तरी मुंबईला यायचं, भाकरी घरून बांधून.