औषध म्हणू नका, विष म्हणा

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे घर कितीही लहान असो, दारात चार कुंड्या असतातच. कुंड्या म्हणजे काही नर्सरीतून आणलेल्या मातीच्याच हव्यात असं नाही. रंगाचा रिकामा डबा, फुटकी बादली, काहीही चालतं. त्यात जास्वंद, सदाफुली, कढीपत्ता, तुळस, आणि आता हौसेनं आणलेले क्रोटन, मनीप्लांट, अरेका पाम. ही झाडं बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. पण एखाद्या पानावर पांढरं, चिकट असं काही दिसलं की उपाय मात्र शेताकडून येतो. "शेतातलं औषध उरलं असेल ना, मार थोडं त्याच्यावर." वरोरा-राजुऱ्याकडे कापसाचं उरलेलं असतं, मूल-ब्रह्मपुरीकडे धानाचं. शेत नसेल तर शेजारीण कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडंसं ओतून देते.

मला आधी या 'औषध' शब्दाबद्दलच बोलायचं आहे. जे पोटात गेलं तर माणूस मरतो, त्याला आपण औषध म्हणतो. आणि मरणाची बातमी सांगतानाही तोच शब्द, "त्यानं औषध घेतलं." ऐकणाऱ्याला काय ते लगेच कळतं. बचत गटाच्या कामानिमित्त मी खेड्यापाड्यांतल्या घरांत जाते, तेव्हा ही बाटली मला कुठे कुठे दिसते! न्हाणीघराच्या फळीवर, तांदळाच्या कोठीमागे, एकदा तर मुलांच्या दप्तराशेजारी. रागाच्या एखाद्या क्षणी ती हाताशी असणं किती महागात पडतं, हे विदर्भातल्या बाईला मी वेगळं सांगायला नको.

२०१७ सालचं यवतमाळ आठवा. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करता करता शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. कित्येकांनी ते प्यायलं नव्हतं, त्यांच्या अंगावर नुसता फवारा उडाला होता. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, तोंडाला साधा रुमालही नाही. विष कातडीतून आणि श्वासातून आत गेलं. मोकळ्या शेतात ही गत, तर आपल्या बंद व्हरांड्यात काय होईल? त्याच व्हरांड्यात बाळ रांगतं, म्हातारी सासू बाजेवर पडलेली असते, आणि कुंडीच्या वर दोरीवर कपडे वाळत असतात.

आणि तुळस? सकाळी विष मारायचं आणि संध्याकाळी मुलाला खोकला आला की तिचीच पानं काढ्यात टाकायची? कढीपत्त्याचंही तसंच. शेतातल्या पिकाला फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जाऊ द्यायचे ते ठरलेलं असतं. रोज चार पानं तोडायच्या झाडाला असे दिवस कोण मोजणार?

बाटलीवर एक चौकोन असतो, त्यातल्या खालच्या त्रिकोणाचा रंग बघायला शिका. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. वाचता येत नसलेल्या बाईलाही कळावं म्हणूनच हे रंग आहेत. लाल आणि पिवळ्याला घराच्या उंबऱ्याच्या आत जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नवऱ्यानं कितीही सांगितलं तरी. चुकून विषबाधा झालीच, म्हणजे लाळ गळायला लागली, दरदरून घाम सुटला, बाहुल्या बारीक झाल्या, उलट्या होऊ लागल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. अंगावरचे कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि बाटलीसकट सरकारी दवाखाना गाठा.

मग किडीचं काय करायचं? आधी ती ओळखायची. आपण धान्यातला सोंडा ओळखतो, डाळीतलं पोरकिडं ओळखतो, मग कुंडीतलीच कीड का ओळखू नये?

जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात तो पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि गोड, चिकट पाणी टाकतो. त्यावर मुंग्या येतात, मागून काळी बुरशी धरते. म्हणजे झाडावर मुंग्यांची रांग लागली की समजावं, वर कुणीतरी बसलेलं आहे. मुंग्या त्याची राखणदारी करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करा. कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली तरी पुरे, फक्त डास होऊ नयेत म्हणून ते पाणी रोज बदला. हा ढेकूण अंगणातल्या गाजरगवतावरही वाढतो, ते उपटल्याशिवाय जास्वंद साफ राहत नाही. कुंडीतल्या झाडासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक पुंजका पुसून काढायचा. कंटाळवाणं काम आहे खरं, पण तांदूळ निवडणाऱ्या हातांना जड नाही.

गंमत म्हणजे आपल्या जंगलात पळसावर, कुसुमावर जी लाख मिळते, ती देणारा किडा या ढेकणाच्याच कुळातला. एक भाऊ हातात बांगडी घालतो, दुसरा जास्वंद वाळवतो! आणि या ढेकणाचे वैरीही आहेत. ढालकिडा, ज्याला पुस्तकात लेडीबर्ड म्हणतात, तो याला खातो. त्यातल्या एका जातीची अळी अंगभर पांढरे धागे घेऊन फिरते, दिसायला अगदी पिठ्या ढेकणासारखीच. मात्र ती आकारानं मोठी असते आणि भराभर चालते. तिला मारू नका, ती तुमच्या बाजूची आहे.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. २००८ मध्ये तो आपल्या देशात पहिल्यांदा तामिळनाडूत कोइमतूरकडे सापडला आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद, सगळ्यांवर पसरला. फवारे मारून लोक थकले. शेवटी २०१० मध्ये बंगळूरूच्या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिको बेटावरून एक चिमुकली माशी आणली. ती ढेकणाच्या अंगातच अंडं घालते. ती सोडल्यावर ढेकूण आटोक्यात आला. जे विषाला जमलं नाही ते डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या माशीनं केलं. आपण सरसकट विष मारतो तेव्हा अशा माश्या आधी मरतात, मेण पांघरलेला ढेकूण मागे राहतो.

आपल्याकडचा उन्हाळ्याचा खरा शत्रू मात्र लाल कोळी. तो किडा नाहीच, आठ पायांचा कोळी आहे, म्हणून किड्यांवरची पुष्कळ विषं त्याला लागूही पडत नाहीत. मे महिन्यात पारा ४५-४६ ला पोचतो, हवा कोरडी होते, तेव्हा आठवडा-दीड आठवड्यात त्याची नवी पिढी तयार. त्यात आमच्याकडे कोळशाच्या खाणी, वीज केंद्र, रस्त्यावरचे ट्रक. घुग्घुस-बल्लारपूरकडच्या बायकांना विचारा, सकाळी पुसलेल्या पानावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. धूळ बसलेल्या पानावर हा कोळी जास्तच माजतो. पान फिकट, बारीक ठिपक्यांचं दिसलं तर खाली पांढरा कागद धरून ते झटका. ठिपके चालू लागले की समजा, कोळीच. यावर उपाय फुकटातला आहे. पानाच्या पाठीवर जोरात पाणी मारायचं, दोन-तीन दिवसांआड. मनीप्लांट आणि क्रोटनची पानं ओल्या फडक्यानं पुसायची, वरून आणि खालूनही.

मावा कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करतो. शेतातला युरिया मूठभर आणून कुंडीत टाकला की शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याचं फावतं. तेव्हा युरिया शेतातच राहू द्या. पांढरी माशी झाड हलवलं की भुर्रकन उडते, तिला पिवळ्या पत्र्यावर एरंडेल लावून कुंड्यांत टांगलं की चिकटून मरते. कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसणारी अळी मात्र हातानं उचलून बाजूला ठेवा. तिचं फुलपाखरू होतं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळीही लहानपणी लिंबाच्या झाडावर अशीच दिसते.

राहिला कडुनिंब. १९९४ मध्ये युरोपात एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या सरकारी खात्याला निंबोळी तेलाच्या बुरशीवरच्या वापराचं पेटंट मिळालं होतं. आपल्या आजीनं धान्यात पाला घातला तो काही कुणाला विचारून नव्हे! त्या पेटंटाविरुद्ध उभ्या राहिल्या त्या तीन बाया, आपल्या वंदना शिवा, बेल्जियमच्या माग्दा आल्व्हूट आणि लिंडा बुलार्ड. २००० मध्ये ते पेटंट रद्द झालं, आणि कंपनीकडचं अपील २००५ च्या मार्चमध्ये फेटाळलं गेलं. बायकांनी जिंकून आणलेली ही वस्तू आपल्या अंगणात सडते आणि आपण दुकानातून विष आणतो.

वाळलेल्या निंबोळ्या फोडून आतली ५० ग्रॅम गर कुटायची, फडक्यात बांधून रात्रभर एक लिटर पाण्यात ठेवायची. सकाळी पिळून गाळायचं, त्यात अर्धा चमचा पातळ साबण घालायचा. कपड्याची पावडर नको, तिनं पानं करपतात. उन्हात निंबोळीचा गुण जातो, म्हणून फवारा संध्याकाळी, आणि पानाच्या खालून. अंडी मागे राहतात म्हणून सात दिवसांनी पुन्हा. नव्या झाडावर आधी दोन पानांना लावून बघा. एक मात्र सांगते, निंबोळीचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर तेही बाधतं, ती बाटलीसुद्धा उंचावरच हवी. झाडाला नेमकं काय झालंय ते कळत नसेल तर ते पान पिशवीत बंद करून सिंदेवाहीच्या नाहीतर गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नर्सरीतून नवं झाड आणलं की पंधरा दिवस ते इतरांपासून दूर ठेवा, बहुतेक कीड त्याच वाटेनं घरात येते.

निंबोळ्या जूनमध्ये पिकून गळू लागतात. पावसानं सडायच्या आत वेचा, साल काढून धुवा आणि सावलीत वाळवून सुती पिशवीत भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी लागते. एका मोठ्या झाडाखालच्या निंबोळ्या गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या कुंड्यांना वर्षभर पुरतात.