अंगठा म्हातारीचा, पैका लुच्चाचा

आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांच्या घरात चोर आता कुडाला भोक पाडून शिरत नाही; तो म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्यावाटे शिरतो.

पूर्वी कुणबी कर्जखतावर नांगराची निशाणी करी; वर काय लिहिले ते सावकार जाणे! अखेर १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोक उठले व पुढे गावोगाव खते हिसकावून जाळली गेली. मग सरकारला जाग आली. १८७९ च्या कायद्याने सरकारी नोंदणी-कामदारासमोर दस्त करणे आणि कुळाला पावती देणे सावकारास भाग पडले.

आज कागद गेला व यंत्र आले. श्रावणबाळचा पगार खात्यात पडतो आणि आधार जोडलेले असले की नुसत्या अंगठ्याने रोकड निघते. सोय खरोखर चांगली. म्हातारीची तालुक्याची पायपीट वाचली. यंत्र चालवणारे सारेच लबाड नव्हेत. पण एखादा लुच्चा म्हणतो, “आजी, अंगठा उठला नाही, परत ठेवा.” खुरपून, दळून झिजलेला अंगठा कित्येकदा खरोखरच उठत नाही, म्हणून तिला संशय येत नाही. इकडे पहिल्याच खेपेस पैसे निघालेले असतात!

घरी कळताच मुले-सुना तिलाच वेंधळी ठरवतात. आम्हांस हाच मोठा अन्याय वाटतो. चोरी दुसऱ्याने करावी आणि शिव्या म्हातारीने खाव्या, हा कोठला न्याय? शिव्यांच्या भीतीने ती पुढल्या वेळी तोंड उघडत नाही, व चोराचे फावते.

बांधवहो, शाळेत जाणारी नात घरात असता आजी यंत्रापुढे एकटी का? नातीला सोबत धाडा. आकडा तिने वाचावा, छापील पावती मागून घ्यावी, दरमहा पासबुक भरून आणावे. आधारचा अंगठा कुलूपबंद करून ठेवता येतो; काम असेल तेव्हाच उघडावा. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर फोन करा व बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घातलेल्या नियमांत, खातेदाराचा व बँकेचा दोष नसता तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास तोटा खातेदारावर नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. उशीर केलात तर हा हक्क दुबळा होतो.

आमच्या आजोबा-पणजोबांना पावतीसाठी खते जाळावी लागली. आपणांस ती नुसती मागायची आहे. तेवढीही लाज वाटत असेल, तर लुटणाऱ्यास बोल लावण्यात अर्थ नाही.