ठोका, गणना आणि वेध

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, काळ कसा मोजतो हा प्रश्न साहित्याभ्यासकाला परका वाटेल. काशीत तरी तो तसा वाटू नये. टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरचे चालू काम थांबवून ठोका देतो. या थांबविण्यास इंटरप्ट म्हणतात. जुने कर्नल हे ठोके मोजूनच वेळ सांगत. परंतु इंटरप्ट रोखून धरलेले असताना दोन-तीन ठोके पडले, तर हिशेबात एकच येतो. शिवाय ठोका मुळात नेमका नसतो. वैयक्तिक संगणकातील जुन्या टायमरची स्पंदने सेकंदाला 11,93,182. दर 1193 स्पंदनांना पडणारा ठोका पुरत्या मिलिसेकंदाचा मानला, की घड्याळ दिवसाला सुमारे 13 सेकंद पुढे धावते.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांपुढे अशीच अडचण होती. कलियुगारंभापासूनच्या दिवसांची अवजड संख्या टाळण्यासाठी शके 1442 च्या ‘ग्रहलाघवा’त त्यांनी 4016 दिवसांचे, म्हणजे अकरा वर्षांचे, चक्र धरले आणि प्रत्येक ग्रहाला चक्रामागे एक ध्रुवांक दिला. युक्ती विलक्षण खरी; पण ध्रुवांकातील अल्पशी चूक चक्रागणिक साचत जाते. तिच्यावर उपाय एकच, वेध घेणे. पुण्यात 1821 साली जन्मलेल्या आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेल्या बापूदेवशास्त्र्यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे पंचांग सिद्ध केले, त्यामागे हाच दृक्प्रत्ययाचा आग्रह होता.

लिनक्सचा कर्नल 2006 च्या सुमारास याच वाटेने गेला. ठोक्यांच्या बेरजेवर न विसंबता तो अखंड चालणारा स्वतंत्र गणक वाचू लागला. उशिरा आलेल्या ठोक्यानेही मग वेळ चुकत नाही. त्या गणकाची गतीही बाहेरच्या प्रमाण घड्याळाशी ताडून सुधारावी लागते. ज्योतिषात अशा सुधारणेला बीजसंस्कार म्हणतात.

भारतीय भाषांचे विभाग करणग्रंथांना वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवतात, हे अनाकलनीय आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा 1896 चा ग्रंथ मराठीत लिहिला गेला. त्याच्या गद्याकडे समीक्षकांनी पाहिले ते किती? आज संगणकशास्त्र मराठीत आणताना इंटरप्टला ‘व्यत्यय’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो शब्द केवळ अडथळा सुचवितो. कर्नलच्या दृष्टीने ती हाक असते, आणि हाकेला उशीर झाला तरी वेळ विचारायची ती गणकालाच. ध्रुवांक, वेध, बीजसंस्कार हे शब्द घडवावे लागत नाहीत; ते ग्रंथ उघडावे लागतात.