बावीसची सवय, बत्तीसचा गॅस

मूर्तिजापूरला आगीची धास्ती नवी नाही. कापसाच्या गंजीजवळ बिडी पेटवायची नाही, हे इथल्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण त्याच गावात मे महिन्यात, पारा ४५च्या वर गेलेला असताना, पत्र्यावर बसलेला आपलाच मेकॅनिक एसीच्या आउटडोअरचा फ्लेअर नट सैल करतो, उरलेला गॅस फुस्सकन हवेत सोडतो आणि दोन मिनिटांत टॉर्च पेटवतो. हटकलं तर उत्तर ठरलेलं: ‘काही नाही होत भाऊ त्याले.’

आर-२२च्या जमान्यात हे उत्तर खपून गेलं, कारण तो गॅस सहसा पेट घेत नाही. आता नव्या स्प्लिट एसीत बहुधा आर-३२ असतो. त्याचा वर्ग ए-२-एल, म्हणजे सौम्य ज्वलनशील. ‘सौम्य’ शब्दाचा अर्थ एवढाच की त्याची ज्योत सावकाश पसरते, सेकंदाला साधारण पावणेसात सेंटिमीटर. हवेत त्याचं प्रमाण १४ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय तो पेटत नाही. प्रोपेनला, म्हणजे आर-२९०ला, दोन टक्के पुरतात.

हिशेब करून पाहू. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत एक किलो आर-३२ गळून सगळीकडे सारखा पसरला, तर तो पेटण्याच्या मर्यादेच्या नवव्या हिश्शाइतकाच भरतो. म्हणून ग्राहकाला घाबरवायचं कारण नाही. पण गॅस सारखा पसरत नाही. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि आपला टॉर्च खोलीच्या मधोमध नसतो, उघड्या जोडापाशी असतो. शिवाय आर-३२ ज्वाळेत सापडला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना जाळतो.

त्याहून घातक सवय म्हणजे बावीसच्या जुन्या एसीत स्वस्त पडतो म्हणून हायड्रोकार्बन गॅस भरणं. त्या मशीनचे रिले, स्विच, टर्मिनल ज्वलनशील गॅस गृहीत धरून बनवलेलेच नाहीत. प्रोपेन वाईट आहे असं नव्हे. गोदरेजने २०१२ पासून आर-२९०चे एसी बाजारात आणले. ते मुळातच त्या गॅससाठी आखलेले. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या प्रचलित सूत्राने, जादा सुरक्षा योजना नसेल तर, दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीवरच्या इनडोअरसाठी आर-२९० फार तर २३० ग्रॅम. वजनकाट्याशिवाय, गेज बघून अंदाजाने भरणाऱ्याला ही मर्यादा कधी ओलांडली ते कळणारच नाही.

हे ज्वलनशील गॅस टाळता येणार नाहीत. किगाली कराराला भारताने २०२१मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८मध्ये एचएफसीचा, म्हणजे आर-४१०ए आणि आर-३२सारख्या गॅसचा, वापर गोठेल आणि २०३२पासून तो टप्प्याटप्प्याने उतरवावा लागेल. आर-४१०ए तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट, आर-३२ ६७५ पट, तर प्रोपेन अगदी नगण्य. म्हणजे पर्यावरणाला जितका हलका गॅस, तितकी तो पेटू न देण्याची आपली जबाबदारी जास्त. घरगुती फ्रिजमधला पेटणारा आयसोब्युटेन तर आपण रोज हाताळतोच.

तेव्हा क्रम बदलायचा. आधी दारं-खिडक्या उघडा आणि वीज तोडा. गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या. मशीन ज्वलनशील गॅससाठी चालणारीच हवी. मग नायट्रोजनने लाइन धुवा, व्हॅक्यूम करा, पुन्हा नायट्रोजन सोडा. जोड टॉर्चने वितळवून सोडवू नका, पाइप कटरने कापा. लीक टेस्ट नायट्रोजननेच करा. ऑक्सिजन वापरला तर तेलाशी गाठ पडून स्फोट होतो. पंप-डाउन करताना गळकी लाइन हवा ओढत असेल तर थांबा. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की कंप्रेसर फुटतो, आणि हे बावीसलाही लागू आहे.

रिकव्हरी मशीन एका दुकानाला जड जाते, हे आम्हाला ठाऊक आहे. तालुक्यातल्या तीन-चार दुकानांनी मिळून घ्या, पाळीपाळीने वापरा. नायट्रोजनचा सिलिंडर, गॅस डिटेक्टर आणि वजनकाटा मात्र प्रत्येकाचा आपापला हवा. पुढच्या मार्चच्या आत ही जुळणी करा. एकदा ऊन तापलं आणि फोन वाजू लागले की सवय बदलायला कुणालाच सवड मिळत नाही.