हात बसलाय म्हणून बोटं वाचत नाहीत

‘काका, घाबरू नका, हात बसलाय आपला.’ लाकडात खाचा पाडणाऱ्या राउटर मशिनवर काम करणाऱ्या पोरांच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं. माझं म्हणणं असं की रंध्यावर हात बसतो, पटाशीवर बसतो, करवतीवरही बसतो. मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेणाऱ्या बिटवर, म्हणजे राउटरच्या पात्यावर, तो बसत नाही, तिथे फक्त भीती चेपते.

आंबेगाव, संतोषनगर, गुजरवाडीपासून पार कोंढव्यापर्यंत इमारती उभ्या राहताहेत, तोवर कात्रजच्या सुताराला कामाची ददात नाही. किचनच्या ट्रॉल्या, कपाटं, टीव्हीचं युनिट. काम बहुतेक वेळा फ्लॅटच्या हॉलमध्येच चालतं, दोन घोड्यांवर टाकलेल्या प्लायवर. त्या प्लायला भोक पाडून खालून राउटर उलटा आवळला की राउटर टेबल तयार. फरशी कापायचा चार इंची कटर तसाच उलटा लावला की लाकडाची कटाई सुरू. गार्ड पहिल्याच दिवशी काढून टाकलेला, कारण ‘मार्किंग दिसत नाही’. माझ्या गुजरवाडीच्या शेडमध्येही राउटर उलटाच बसवलेला आहे, त्यात वावगं काही नाही. त्याच्यावरून नुसत्या हाताने लाकूड पुढे सारतात, ते मात्र मला बघवत नाही.

बॉक्स जॉइंटचंच उदाहरण घ्या. खोक्याच्या किंवा ड्रॉवरच्या कोपऱ्यात दोन फळ्यांचे चौकोनी दात एकमेकांत अडकवतात, तो हा सांधा. खिळा नको, स्क्रू नको, फेविकॉलला धरायला भरपूर जागा, म्हणून मजबूत. सहा इंच उंचीच्या ड्रॉवरला दोन सूत (पाव इंच) बिटने हा सांधा करायचा म्हटलं तर फळीच्या एका टोकाला बारा-तेरा खाचा पडतात. फळ्या चार, टोकं आठ. म्हणजे एका ड्रॉवरसाठी लाकूड सुमारे शंभर वेळा बिटवरून जातं. नव्वद वेळा सावध राहिलेला माणूस एक्याण्णवाव्या वेळी शेजारच्याशी बोलत असतो. चहा आला की नाही ते बघत असतो. हा त्याचा दोष मी मानत नाही, माणूस असाच असतो. म्हणून त्याचं बोट आणि बिट यांच्यामध्ये काहीतरी कायमचं असावं लागतं. ते काहीतरी म्हणजे जिग.

जिग म्हणजे फार मोठी वस्तू नाही. टेबलावर सरकणारी एक फळी आणि तिच्यावर काटकोनात उभी केलेली दुसरी, पाच-सहा इंच उंच. काटकोन गुण्या लावून तपासायचा. उभ्या फळीला खाली बिटएवढी खाच आणि तिच्या शेजारी एक खुंटी. खुंटीची जाडी बिटएवढीच, आणि खुंटी व बिट यांच्यातलं अंतरही तेवढंच. सगळं गणित या अंतरात आहे. ते जास्त झालं की दात जाड होतात आणि सांधा बसत नाही. कमी झालं की ढिला बसतो. आणि चूक साठत जाते. प्रत्येक दाताला एक दशांश मिलिमीटर फरक पडला तर पंधराव्या दातापर्यंत दीड मिलिमीटर होतो, तेव्हा हातोडी मारून काही उपयोग नसतो. पहिली खाच पाडली की ती खुंटीवर बसवायची, दुसरी पाडायची, ती खुंटीवर, की तिसरी. माप घेणं नाही, पेन्सिल नाही.

खुंटी बिटच्या उजवीकडे घ्यावी. उलट्या राउटरचं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, आणि आपण लाकूड पुढे ढकलतो तेव्हा ते त्याला उजवीकडे रेटतं. खुंटी उजवीकडे असली की हा रेटा खुंटी झेलते, डावीकडे असली तर आपला हात. ही साधी गोष्ट मी चांगल्या चांगल्या मिस्त्रींना उलटी करताना पाहिली आहे.

फळी शिकंज्याने जिगला आवळायची, हाताने धरायची नाही. पण सगळ्यात महत्त्वाचा भाग दिसायला सगळ्यात बावळट आहे: उभ्या फळीच्या मागच्या बाजूला, आपल्याकडे, चिकटवलेला लाकडाचा एक जाड ठोकळा. बिट फळी कापून मागे निघतं ते नेमकं तिथे, जिथे ढकलणाऱ्याचे अंगठे असतात. ठोकळा असला की बिट त्याच्या पोटातच राहतं. शिवाय जिग ठरावीक जागेपुढे जाऊ नये म्हणून टेबलाला एक अडणी ठोकायची. नाहीतर ठोकळाही कापून बिट बाहेर डोकावेल. हे सगळं उरलेल्या प्लायच्या तुकड्यांतून अर्ध्या दिवसात होतं.

माझ्याकडे अधूनमधून मधपेट्यांचं काम येतं. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून पुण्यातच आहे, आणि कात्रजचा घाट ओलांडून पुढे गेलं की महाबळेश्वर तालुक्यात मांघर, राज्यातलं पहिलं ‘मधाचं गाव’. मधपेटीत चौकट आणि भिंत यांच्यात जेमतेम सात-आठ मिलिमीटर जागा सोडायची असते. जास्त सुटली की माश्या तिथे पोळं बांधून चौकटी भिंतीला डकवून टाकतात. पेटी जराही वाकडी चालत नाही, म्हणून बॉक्स जॉइंट. फळी सात सूत जाड, तेवढी खोल खाच एका दमात पाडायला गेलं की राउटर ओरडतो आणि बिट तापतं. दोन-तीन वेळा बिट वर घेत पाडायची. म्हणजे फेऱ्या दुप्पट-तिप्पट झाल्या, आणि जिगची गरजही.

आता लाईटचं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते-येते. राउटर बंद पडला, पोरगं बिट बदलायला पाना घेऊन वाकलं, बटण चालूच राहिलेलं, आणि लाईट आली. यावर उपाय आहे: लाईट गेली की स्वतःहून सुटणारं आणि परत हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू न होणारं स्विच. मोठ्या मशिनवर ते असतं, हातातल्या राउटरवर सहसा नसतं, वेगळं बसवावं लागतं. ते नसेल तर बिटला हात लावण्याआधी प्लग काढून समोर दिसेल असा ठेवायचा. आणि हो, घरमालक काळजीपोटी कापडी हातमोजे आणून देतात, ते कृपा करून देऊ नका. फिरत्या बिटमध्ये कापड अडकलं की ते अख्खा हात ओढतं. चष्मा द्या, कानाला लावायचे बोळे द्या.

बोटांचा हिशेब सरकारने फार पूर्वी करून ठेवलाय. कामगार नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के गेली असं धरलं होतं, तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, करंगळीला 7. पण ती टक्केवारी लागू व्हायला कुणाच्या तरी हजेरीपटावर नाव लागतं. स्क्वेअर फुटावर काम घेणाऱ्या मिस्त्रीचं ते कुठे असणार? 2020 च्या सुरक्षा संहितेत वीज वापरणारा कारखाना सुरू होतो 20 कामगारांपासून. मिस्त्री, त्याचा भाऊ आणि एक हेल्पर, अशा टोळीपर्यंत कुठलाही निरीक्षक पोचत नाही.

म्हणून माझी मागणी कायद्याकडे नाही, प्रशिक्षणाकडे आहे. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि सुतार त्यात आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपये. त्या दिवसांतला एक पूर्ण दिवस प्रत्येक सुताराने स्वतःच्या हाताने जिग बनवण्यात घालवावा आणि जाताना ती घरी न्यावी. अवजारांच्या पैशांत लाईट गेली की सुटणारं ते स्विच सक्तीचं करावं. ड्रिल मशिन एक कमी दिलं तरी चालेल, ते तसंही प्रत्येकाकडे असतं.

आणि फ्लॅटमालकांना एक सांगणं. दर ठरवताना मिस्त्रीचं राउटर टेबल एकदा बघा. जिग आणि ठोकळा नसेल तर त्याला अर्ध्या दिवसाचे पैसे वेगळे द्या आणि ती करूनच कामाला लाग म्हणा. तो कुरकुरेल, वेळ जातो म्हणेल. ड्रॉवर सुरू झाल्यावर प्रत्येक खाचेला माप घ्यायचा वेळ वाचतो, तेव्हा पुढच्या साइटवर ती जिग तो स्वतःच टेम्पोत टाकून नेईल.