‘ओसू!’ आणि रम्मी एका माळेचे मणी नाहीत: नवा गेमिंग कायदा समजून घेऊ, एका फुकट गेमच्या मदतीने

‘गेम’ हा शब्द आपल्याकडे सध्या बदनाम आहे. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला व्हिडिओ गाजला. त्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम दिसत होता. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. पण महिनाअखेरीस कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली.

तेव्हापासून आमच्या बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात पोरगं फोन आडवा धरून बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: “पैसे लावलेस काय?” प्रश्न चुकीचा नाही. पण मोबाइलवरचा प्रत्येक गेम जुगार नसतो, हे आता कायद्यातच लिहिलंय. हा फरक समजून घ्यायला मी एक गेम निवडलाय: ‘ओसू!’.

कायद्याने रेघ कुठे मारलीय?

कायदा ऑनलाइन गेमचे तीन गट करतो.

- मनी गेम: पैसे भरायचे आणि त्या बदल्यात जास्त जिंकायची आशा धरायची. यावर बंदी. ‘हा तर कौशल्याचा खेळ आहे’ ही पळवाट इथे बंद झाली. कौशल्य असो की नशीब, पैसा डावावर लागला की तो मनी गेम.
- ई-स्पोर्ट्स: नियमांत बसणाऱ्या स्पर्धा. प्रवेश फी आणि बक्षीस चालतं, पण सरकारी मान्यता आणि नोंदणी लागते.
- सोशल गेम: करमणूक किंवा शिकण्यासाठी. सबस्क्रिप्शन असलं तरी चालतं, फक्त ते पैसे डावावर लागलेले नसावेत.

मनी गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेलं नाही, त्याला फसवला गेलेला माणूस मानलंय. कायद्याला कोर्टात आव्हान मिळालं आणि वेगवेगळ्या हायकोर्टांतल्या याचिका सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे घेतल्या.

सरकारच्या अंदाजानुसार देशातले सुमारे ४५ कोटी लोक अशा गेममध्ये वर्षाला २० हजार कोटी रुपयांच्या आसपास घालवत होते. आपल्या भागात याचा अर्थ वेगळा लागतो. इथे अनेक घरांत पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. ऊसतोडीची उचल किंवा कापसाची पट्टी येते, तीही वर्षातून एक-दोनदा, आणि त्यावर वर्ष काढायचं असतं. ती रक्कम ज्या खात्यात असते तेच खातं यूपीआयने फोनला जोडलेलं असेल, तर एका रात्रीत काय होऊ शकतं ते सांगायला नको.

मग ‘ओसू!’ कुठे बसतो?

ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्ट या प्रोग्रामरने सप्टेंबर २००७ मध्ये हा गेम आणला. नाव आणि कल्पना एका जपानी निन्टेंडो गेमवरून सुचलेली. गाणं वाजतं, स्क्रीनवर गोल येतात, प्रत्येक गोलाभोवतीची रिंग आत सरकत येते. ती गोलाला टेकली की ठोका द्यायचा. अचूक तालात दिला तर पूर्ण गुण.

गेम फुकट आहे. ‘सपोर्टर’ म्हणून पैसे देता येतात, त्यातून काही सोयी मिळतात, पण त्या पैशाने स्कोअर वाढत नाही. डावावर काहीच लागत नाही. म्हणून माझ्या वाचनाप्रमाणे तो सोशल गेमच्या व्याख्येत बसतो. त्याच्या देशवार संघांच्या स्पर्धाही होतात, पण तेवढ्यावरून भारतात ई-स्पोर्ट्सचा दर्जा आपोआप मिळत नाही.

लेव्हल कंपनी बनवत नाही, खेळणारे बनवतात

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. ओसूमधल्या लेव्हलला ‘बीटमॅप’ म्हणतात आणि ते खेळाडूच बनवतात. बीटमॅपची फाइल म्हणजे खरं तर नाव बदललेली झिप फाइल. आत गाणं, एखादं चित्र आणि साध्या मजकुराच्या फाइली. नोटपॅडमध्येही उघडतात. प्रत्येक गोलासाठी एक ओळ: आडवी जागा, उभी जागा आणि गाणं सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंदांनी ठोका.

इथे शाळेतलं गणित कामाला येतं. गाण्याचा वेग मिनिटाला १५० ठोके असेल तर ६०,००० भागिले १५०, म्हणजे दर ४०० मिलिसेकंदांनी एक ठोका. त्याचे चार भाग केले की १०० मिलिसेकंदांची जाळी तयार होते. गोल त्या जाळीवर मांडायचे. पूर्ण गुणांसाठी किती चूक माफ, हेही बनवणारा ठरवतो. मधल्या काठिण्यावर ठोका साधारण ५० मिलिसेकंद आधी किंवा नंतर पडला तरी चालतो.

मॅप कुणीही बनवू शकतो, पण ‘रँक्ड’ होणं सोपं नाही. आधी इतर खेळाडू चुका काढतात. मग नेमलेल्या दोन परीक्षकांची शिफारस लागते. त्यानंतर काही दिवस मॅप ‘क्वालिफाइड’ राहतो, म्हणजे शेवटच्या हरकती घेता येतात. सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही एकमेकांचा कोड तपासतो ती पद्धत जवळपास अशीच. कॉलेजचा पोरगा हे फुकटात शिकतो, ही छोटी गोष्ट नाही. शिवाय ‘लेझर’ या नव्या आवृत्तीचा कोडही खुला आहे. सी शार्प शिकणाऱ्याला तो वाचता येतो, दुरुस्ती सुचवता येते.

हलगीचा मॅप होईल का?

होईल, आणि तो बनवताना डोकं लागेल. स्टुडिओत संगणकावर केलेल्या गाण्याचा वेग बहुतेक वेळा एकसारखा असतो. मिरवणुकीतली हलगी तशी नसते, ती रंगात येईल तशी चढत जाते. एकच वेग धरला तर थोड्याच वेळात गोल एकीकडे आणि ठोका दुसरीकडे. म्हणून एडिटरमध्ये वेग बदलेल तिथे नवा ‘टायमिंग पॉइंट’ टाकावा लागतो. दोन मिनिटांच्या हलगीला असे कितीतरी पॉइंट लागू शकतात.

आता हक्कांचा प्रश्न. ‘सैराट’मधलं गाणं उचलून मॅपमध्ये टाकलं तर गाणं तुमचं होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मालकाने तक्रार केली की मॅप काढला जातो. यावर ओसूने ‘फीचर्ड आर्टिस्ट’ हा मार्ग काढलाय: कलाकारांशी करार करून त्यांची गाणी मॅपसाठी मोकळी करायची. आपल्यासाठी दुसरा मार्ग जास्त सोपा आहे. पारंपरिक ताल स्वतः रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याची परवानगी आधी घ्या, कारण सादरीकरणावर त्याचाही हक्क असतो. आणि मॅपमध्ये त्याचं नाव द्या.

फोनवर खेळणार असाल तर

- गेम अधिकृत साइटवरूनच घ्या. टेलिग्रामवर आलेली एपीके टाकू नका. बंदीनंतर पैशांचे गेम अशाच लिंकमधून पसरवणं सोपं आहे.
- ब्लूटूथ इयरफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो. माफी ५० मिलिसेकंदांची आणि उशीर त्याहून जास्त, मग तुमचा ठोका बरोबर असूनही चुकतो. वायरचा इयरफोन वापरा किंवा सेटिंगमध्ये ऑफसेट जुळवा.
- मॅप डाउनलोड करताना डेटा जातो, आधी वायफायवर उतरवून ठेवा.
- मनगट दुखलं की थांबा. भराभर टॅप करण्याच्या गेममध्ये हे होतंच.

“फुकट आहे” एवढं पुरेसं नाही

फुकट गेममध्येही वेळ जातो, आणि परीक्षेच्या वर्षात वेळ स्वस्त नसतो. ओसूमध्ये रँकिंग आहे, ‘अजून एकदा’ची ओढ आहे. हे घरच्यांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण वेळ वाया जाणं आणि उचल बुडणं यांना एकच नाव दिलं, तर पोरं दोन्ही लपवून करतात. खरा धोका मग दिसतच नाही.

म्हणून कुठलाही गेम टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा. जिंकल्यावर पैसे मिळतील म्हणून आधी पैसे मागतोय का? हरल्यावर ‘पुन्हा भर’ म्हणतोय का? बँक खातं किंवा आधार कशासाठी हवंय? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, किंवा तिसऱ्याला सरळ उत्तर मिळालं नाही, तर काढून टाका. तिन्हींतून पास झाला तर आईवडिलांसमोर बसून खेळून दाखवा. जमलं तर एक मॅप बनवून दाखवा. “पैसे लावलेस काय?” याला त्याहून चांगलं उत्तर नाही.