नावाविना अभिवादन : पुलगावचे मृत, आष्टीचे शहीद आणि आपल्या स्मारकांचा हिशेब

१/
जामच्या चौरस्त्यावर नागपूर-हैदराबाद महामार्ग हिंगणघाटकडे जातो आणि एक वाट वरोरा-चंद्रपूरकडे फुटते. माझे लहानपण या चौरस्त्यालगत गेले. महामार्गावरच्या कोणत्याही चौकाप्रमाणे येथेही १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला फलक लागतात : ‘वीर शहिदांना विनम्र अभिवादन’. त्या फलकांवर अभिवादन करणाऱ्यांची नावे असतात, छायाचित्रे असतात. ज्यांना अभिवादन करायचे, त्यांचे एकही नाव नसते.

२/
आजचा धागा त्या न लिहिलेल्या नावाविषयी आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगते, म्हणजे वाद घालणाऱ्यांना सोयीचे जाईल : ज्या स्मारकावर मृतांची नावे नाहीत, ते मृतांचे स्मारक नव्हे. ते उभारणाऱ्याचे स्मारक आहे. आणि आपला वर्धा जिल्हा हे इतरांपेक्षा अधिक चांगले जाणतो, किंवा त्याने जाणायला हवे.

३/
का, ते पाहू. ३१ मे २०१६ ची पहाट. मी दहावीच्या निकालाची वाट पाहत होते. पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात, म्हणजे देशातील सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एकात, सुरुंगांच्या गोदामाला आग लागली. ती विझवायला धावलेल्यांवर स्फोट झाला. मृतांची संख्या १९ वर गेली. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते : लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार आणि मेजर के. मनोज कुमार. उरलेल्यांपैकी बहुतेक जण संरक्षण खात्याच्या अग्निशमन दलाचे कर्मचारी होते.

४/
म्हणजे अंगावर वर्दी, समोर दारूगोळा, पण नोंदवहीत ‘मुलकी’. त्या दिवशी वृत्तपत्रांनी सगळ्यांना एकाच शब्दाने गौरवले : शहीद. आणि या शब्दाची गंमत, खरे तर विटंबना, अशी की शासनाच्या लेखी त्याला व्याख्याच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये, म्हणजे पुलगावच्या आगीपूर्वी पाचच महिने, केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले होते की ‘शहीद’ या शब्दाची कोठेही अधिकृत व्याख्या केलेली नाही.

५/
दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, पुलगावजवळच सोनेगाव आबाजी येथील मैदानावर मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू असताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत एक खमरियाच्या आयुध निर्माणीचा कर्मचारी होता, बाकीचे बहुतेक कंत्राटी मजूर. या वेळी मात्र ‘शहीद’ हा शब्द उच्चारताना पुष्कळांची जीभ अडखळली. दारूगोळा सैन्याचा, धोका तोच, जिल्हाही तोच. मग शब्द का बदलला?

६/
छावणीच्या तारेच्या आत कोणते दगड उभारावेत, हा लष्कराचा अधिकार आहे. त्याविषयी मी काही म्हणत नाही. माझा प्रश्न तारेबाहेरच्या जिल्ह्याला आहे. ३१ मे ही तारीख आपल्यापैकी कितीजणांना आठवते? त्या १९ पैकी चार नावे तरी आपल्याला सांगता येतील का? मलाही ती येत नव्हती. हा धागा लिहिण्याचे कारण तेच.

७/
आता इतिहासाकडे वळू. मृत वीरांसाठी दगड उभारण्याची आपली परंपरा इंग्रजांनी शिकवलेली नाही. वीरगळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, त्यावर अप्सरांनी स्वर्गाकडे नेलेला वीर, वर शिवलिंगाची पूजा, शेंड्यावर कलश, सूर्य-चंद्र. बोरिवलीच्या एकसरचे वीरगळ तर नौकायुद्ध दाखवतात.

८/
मात्र वीरगळ केवळ राजाच्या सैनिकांचे नाहीत, हे आपण विसरतो. गावची गुरे चोरांनी वळवली आणि ती सोडवताना गुराखी पडला, तर त्याचाही वीरगळ उभा राहिला. अशा दगडांवर खालच्या चौकटीत गायी स्पष्ट कोरलेल्या दिसतात. मध्ययुगीन गावाने तो मनुष्य कोणाच्या हजेरीपटावर होता, हे विचारले नाही. तो कशासाठी मेला, एवढेच पाहिले.

९/
त्या परंपरेतील उणीवही मान्य केली पाहिजे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. परिणाम डोळ्यांसमोर आहे : काहींना शेंदूर लागून ते ग्रामदेवता झाले, काहींची पायरी झाली, काहींवर धुणी धुतली जातात. दगड उरला, माणूस गेला. नाव नसलेली स्मृती तीन पिढ्यांत एक तर देव होते, नाही तर धोंडा.

१०/
याच्या उलट टोकाला भीमा कोरेगावचा स्तंभ. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा हा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या कीर्तीसाठी उभारला, यात शंका नाही. पण तिने त्यावर पडलेल्या सामान्य शिपायांची नावे कोरली. ४९ मृतांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात; त्यावरून ते महार शिपाई होते हे ओळखू येते.

११/
पुढे काय झाले? १८९० च्या दशकात त्याच इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. त्यानंतर गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत अनेकांनी भरतीसाठी अर्ज-विनंत्या केल्या. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या आरंभीच्या बोधचिन्हावर तोच स्तंभ होता.

१२/
हे उदाहरण नीट लक्षात घ्या. कंपनीला आपला विजय सांगायचा होता. वाचणाऱ्यांनी मात्र तेथे आपल्या पूर्वजांची नावे वाचली आणि त्यांचा पुरावा केला. दगडावरच्या २२ नावांनी शंभर वर्षांनंतर हक्क मागितला. नाव कोरणे ही भावनेची बाब आहे असे म्हणणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे : नाव हा दस्तऐवज असतो.

१३/
साम्राज्याला हे पुरते ठाऊक होते. म्हणून पहिल्या महायुद्धानंतर त्याने कोणाचे नाव कोरायचे, हे निवडून ठरवले. साताऱ्यात आणि कोकणात अनेक गावांतील शिळा पाहा : या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले. दोन आकडे, बस्स. कोण गेले ते गावाने आठवावे, आणि आठवणारे संपले की आकड्याकडे पाहत राहावे.

१४/
इराकमधील बसरा स्मारकाची कथा याहून बोलकी. सहाव्या (पुणे) डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या; २९ एप्रिल १९१६ रोजी तेथे शरणागती झाली. मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी बसऱ्याला ४०,००० हून अधिक मृतांचे स्मारक झाले. त्यावर इंग्रज अधिकारी व सैनिक नावाने आले, भारतीय अधिकारीही नावाने आले. भारतीय शिपायांचे मात्र पलटणवार आकडे कोरले गेले.

१५/
मृत्यूनंतर सर्वांना समान वागणूक, पद-वर्णाचा भेद नाही, हे तर ज्या आयोगाने ते स्मारक बांधले त्याचे घोषित तत्त्व होते! एप्रिल २०२१ मध्ये त्याच राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने आपल्या अहवालात कबुली दिली आणि क्षमा मागितली : किमान १,१६,००० मृतांची, त्यांत मुख्यतः आफ्रिकी व इजिप्शियन लोकांची, नावानिशी किंवा मुळीच नोंद केली गेली नव्हती. एक शतक लागले, पण त्यांनी हिशेब मांडला. आपण कधी मांडणार?

१६/
आता मुख्य आक्षेप. ‘सीमेवर लढून पडलेला जवान आणि स्फोटात गेलेला मजूर यांना एकाच पंक्तीत बसवून तुम्ही शौर्याचे अवमूल्यन करता.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर देते. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे : पदक आणि स्मारक.

१७/
पदक कृतीचे मोल करते. त्यासाठी निवड हवी, तुलना हवी, साक्षी हव्यात. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत केलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकी सर्व जण ठार किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे पुढे धावले. पदक त्यांनाच मिळावे, हे योग्यच.

१८/
पण त्याच माऱ्यात त्यांच्याआधी जे पडले, त्यांचे काय? त्यांना धावण्याची संधीच मिळाली नाही. त्यांची जागा पदकाच्या यादीत नाही; ती स्मारकाच्या यादीत आहे. स्मारक शौर्य मोजत नाही, ते हानी नोंदवते. आणि हानी नोंदवताना निवड करायची नसते. सर्वांची नोंद घ्यायची असते.

१९/
हा भेद मी रचलेला नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकाची रचनाच पाहा. वीरता चक्रात लढायांची शिल्पे आहेत, परमवीरांचे पुतळे वेगळ्या जागी आहेत. आणि त्याग चक्रात स्वातंत्र्योत्तर काळातील मृतांची नावे, २०१९ साली ती २५,९४२ होती, एकाच आकाराच्या अक्षरांत आहेत. तेथे पदक मिळालेला आणि न मिळालेला, दोघांची वीट सारखीच.

२०/
‘पण मुलकी माणसांचे काय?’ त्यालाही आपल्याकडेच पूर्वाधार आहे. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धातील २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. समुद्र हीच त्यांची कबर. त्यांत नौदलाचे लोक आहेत तसेच व्यापारी जहाजांवरील खलाशीही आहेत. हे लोक बंदूक चालवत नव्हते. इंजिनात कोळसा टाकत होते. तरी युद्धमृतांत त्यांची गणना झाली आणि नावे ब्राँझमध्ये उतरली. पुलगावचे अग्निशामक याहून निराळे कसे?

२१/
पदकाचे दारही मुलकी माणसाला बंद नाही. १९५२ साली सुरू झालेली अशोक चक्राची मालिका त्यांच्यासाठीही आहे. साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे सैन्यातून निवृत्त होऊन पोलीस झाले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि २००९ साली त्यांना अशोक चक्र मिळाले. वर्दीचा रंग बदलल्याने त्यांचे शौर्य उणे झाले नाही.

२२/
शेवटी पुन्हा आपला जिल्हा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला लोक निघाले. गोळीबारात सत्याग्रही पडले, लोकांच्या क्षोभात पोलीसही मारले गेले. तेव्हापासून त्या गावाचे नाव आष्टी (शहीद). शासकीय कागदावर, एसटीच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर तो शब्द जातो. ज्या जिल्ह्याने एका गावाच्या नावातच आपले मृत जपले, त्याला नावांचे महत्त्व मी काय सांगावे?

२३/
म्हणून मागणी साधी आहे. नवा पुतळा नको, रणगाड्याची प्रतिकृती नको, कोनशिलेवर पाहुण्यांची यादी तर मुळीच नको. जिल्ह्याची एक यादी हवी, सार्वजनिक जागी, सर्वांना वाचता येईल अशी : नाव, गाव, काम, तारीख. सीमेवर पडलेले जवान त्यात असोत, १९४२ चे सत्याग्रही असोत, २०१६ चे १९ असोत आणि २०१८ चे सहाही असोत. ‘शहीद’ कोणाला म्हणायचे, हा वाद खुशाल चालू द्या. तोवर नावे लिहून ठेवा.

२४/
आणि जे शासनाने करायचे ते शासन करील तेव्हा करील. आपण आज काय करू शकतो? आपल्या गावातील स्मारकापाशी, वीरगळापाशी, शाळेच्या भिंतीवरील फलकापाशी जा. कोरलेली नावे उतरवून घ्या, आकडाच असेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. मिळालेले नाव गावासह खाली लिहा. मी प्रत्येक नोंद जपून ठेवीन. जामच्या चौकातील पुढच्या १५ ऑगस्टचा फलक मला वेगळा हवा आहे : अभिवादन करणारे कोण, हे त्यावर नसले तरी चालेल.